उभं भात आवाज खातं

भात निघालं की शेतातलं अंतर बदलतं. आठवड्यापूर्वी जे घर पिवळ्या लोंब्यांमागे कमरेपर्यंत बुडालेलं असतं, ते अचानक पायापासून दिसू लागतं. दोन शेतांपलीकडे कोणी खोकलं तर कोण खोकलं ते कळतं. लांबचा माणूस पेंढी फळीवर आपटतो तेव्हा आधी हात खाली आलेला दिसतो, आवाज मागून येतो. या वर्षी कार्तिक संपता संपता शहापूरहून मुरबाडच्या एसटीत बसलो होतो. सापगावचा पूल मागे पडला आणि दोन्ही बाजूंना कापलेल्या भाताचे बुडखे सुरू झाले. पुढे एका फाट्यावर गाडी बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरला, प्रवासी गप्प झाले, आणि त्या दोन-चार मिनिटांत कुठूनतरी झोडणीचा आवाज आला. धप्. थोडं थांबून पुन्हा धप्. इंजिन सुरू झालं आणि तो गेला.

"उभं भात आवाज खातं," असं बाळाराम बुवा म्हणायचे. बुवा म्हणजे माझे सासरे. धसईच्या पुढे तीन किलोमीटरवर त्यांचं गाव. स्वतःची थोडी भातशेती, बाकीच्या दिवसांत मिळेल ते काम, आणि माघातल्या जत्रेला गावाचं संगीत नाटक. या तिन्हीपैकी नाटक हा त्यांच्या मते मुख्य उद्योग होता. भात उभं असेपर्यंत ते गात नसत. पावसाळाभर गुणगुणतसुद्धा नसत. विचारलं तर सांगत, की पावसात आवाज ओला होतो आणि भातात तो अडकतो. खाचरं मोकळी झाली की त्याला जायला वाट मिळते. हे शास्त्र त्यांना कोणी शिकवलं होतं कोण जाणे. पण मार्गशीर्षात त्यांच्या खळ्यावर उभं राहिल्यावर ते खोटं वाटत नसे.

त्या गावात पद म्हणायचा हक्क मिळवण्याची एक रीत होती. झोडणी उरकली की ज्याला नाटकात गायचं असेल त्याने सकाळी खळ्यावर उभं राहायचं. दुसऱ्याने ओढ्याकाठच्या शेवटच्या बांधावर जायचं. मधलं अंतर तीनशे दहा पावलं होतं. मी मोजलं आहे. खळ्यावरच्याने पदाची एक ओळ म्हणायची आणि बांधावरच्याने ऐकलेले शब्द ओरडून परत पाठवायचे. शब्द जसेच्या तसे परत आले तर पद त्याचं. नाही आले तर त्याला बोलायची भूमिका मिळे. गावातल्या एका गृहस्थांचा आवाज अतिशय गोड होता, आणि ते अकरा वर्षं द्वारपाल होते. बुवा त्यांना समजावत, "आवाज चांगला हाय रे तुझा. पन अक्षरं वाटंत सांडतात. लोकांनी येचत बसायची काय?"

माझं लग्न नव्वदीच्या सुरुवातीला झालं तेव्हा बांधावर उभं राहण्याचं काम बुवांची धाकटी मुलगी कुंदा करत होती. वीस वर्षांची, धसईच्या शाळेत दहावी झालेली, घरी असलेली. बाकी कोणाला रोज सकाळी वेळ नसे, म्हणून ते तिच्याकडे आलं होतं. जावई म्हणून मी खळ्यावरच्या एकमेव खुर्चीवर बसे. पायाखाली पेंढ्याची ऊब, समोर धुकं, पलीकडे सह्याद्रीचा कडा अजून निळसर. बुवा डावा हात कानावर ठेवून ओळ सोडत. ती धुक्यात जाई. मग पलीकडून एक बारीक आकृती तीच ओळ परत पाठवी. नियम नुसते शब्द ओरडण्याचा होता; कुंदा ओळ गाऊन परत पाठवत असे. इतक्या लांबून ओरडण्यापेक्षा गाणं सोपं जातं, असं ती म्हणायची. ती ओळ येताना जराही बारीक झालेली नसे. पाटीत घालून कोणी डोक्यावरून आणावी तशी येई. माझी बायको सुमन भाताच्या पेंढ्यांच्या उडवीला टेकून उभी असे. एकदा ती म्हणाली, "बाबांची परीक्षा चाललीय की हिची?" बुवांनी ऐकलं. पुढची ओळ सोडली.

गावची लेक तोंडाला रंग लावत नाही, हा नियम बांधाच्या रितीपेक्षाही जुना होता. त्यावर चर्चा होत नसे. जे ठरलेलंच असतं त्यावर कोण बोलणार?

नाटक गावातल्याच एका जुन्या मास्तरांनी लिहिलेलं होतं. मास्तर मी पाहिले नाहीत, त्यांची वही पाहिली. राजा वनवासाला निघतो, राणी त्याला शोधत रानात येते, राजाला साप चावतो, राणी पोहोचेपर्यंत पहाट होते. एवढीच गोष्ट. तिला आठ तास लागत. याचं कारण कलेत नव्हतं, एसटीत होतं. लांबच्या पाड्यांवरून आलेल्या माणसांना पहाटेच्या पहिल्या गाडीशिवाय परत जायची सोय नव्हती, म्हणून नाटक त्या गाडीपर्यंत पुरवायचं असे. पुरवण्याचा मार्ग एकच, पदं. गोष्ट थांबे आणि माणूस उभा राहून गाऊ लागे. साप चावलेला राजा तीन कडवी आणि त्यांच्या ताना घेई. पहिल्या वर्षी, मी अजून समोर बसत होतो तेव्हा, माझ्या मागे बसलेला धसईचा एक भाजीवाला वैतागून म्हणाला, "मरतोय तर मर की रे. गातोस कशाला?" त्याच्या शेजारचा म्हातारा घोंगडीतून बाहेर न येता म्हणाला, "मरताना नाय गानार तर कवा गानार?"

पुढे कित्येक वर्षांनी मला या वाक्याचा उपयोग झाला. तेव्हा मी एका दैनिकाच्या संपादकीय खात्यात होतो. युरोपातल्या एका नामवंत ऑपेरा गायकाची बातमी आली होती. त्याने मोठ्या मैदानात पॉप गायकांबरोबर माईक लावून कार्यक्रम केला होता. लाखभर लोक खूश होते आणि जाणकार चिडले होते. ऑपेरा म्हणजे काय हे वाचकाला एका वाक्यात सांगायचं होतं. मी लिहिलं: तिकडचं संगीत नाटक; माणूस मरता मरता गातो आणि माईकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो. मुख्य उपसंपादकांनी ते कापलं. बातमी आहे, लेख नाही, असं ते म्हणाले, आणि त्यांचं बरोबर होतं. पण जाणकार का चिडले होते हे त्या टेबलावर मला एकट्यालाच ठाऊक होतं असं अजून वाटतं. त्यांचा राग पॉप गाण्यावर नसावा. तीनशे दहा पावलं ज्याने स्वतःच्या छातीतून काढली आहेत तो माणूस माईकच्या तारेला ती पावलं काढू देतो, हे त्यांना सोसत नसावं. आणि मैदानातले लाखभर लोक का खूश होते, तेही मला ठाऊक होतं. त्यालाही कारण कुंदाच, पण ते पुढे.

नाटकातल्या राणीची अडचण वेगळी होती. बुवांच्या तरुणपणी राणी तेच करत. नाकात नथ घालून, काळी चारमध्ये गात. काळी चार म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी. पुरुष साधारणपणे तिच्या दोन-तीन पट्ट्या खाली गातात. पण मास्तरांच्या काळात भोंगे नव्हते, उंच आवाजच लांब जाई, म्हणून सगळी पदं त्या पट्टीत बसवलेली आणि गावचा पेटीवाला फक्त त्याच पट्टीत वाजवायला शिकलेला. बुवांना मिशा आवडू लागल्यावर कल्याणहून नटी आणायची पद्धत सुरू झाली. नट्या बोलायला चोख असत. पण त्या गाणाऱ्या नसत, काळी चार त्यांना झेपत नसे, आणि पेटीवाल्याला दुसरं काही येत नसे. म्हणून गावाने तोडगा काढला. राणीचं पद आलं की नटीने हातवारे करत ओठ हलवायचे आणि बुवांनी विंगेत, कनातीच्या मागे उभं राहून गायचं. समोर टांगलेले माईक तिथपर्यंत पोहोचत नसत. बुवांना ते हवंच होतं. कनातीतून, भोंग्यांच्या खरखरीवरून, त्यांचा उघडा आवाज बैलगाड्यांपर्यंत जाई. लोकांना हे सगळं ठाऊक होतं. कोणाला वावगं वाटत नसे.

मी विंगेत वही धरून बसायचो. जावयाला काम सांगता येत नाही, म्हणून ते मी मागून घेतलं होतं. वहीत राणीच्या शेवटच्या पदाला तीन कडवी होती. बुवा दोनच म्हणत. गाडीची वेळ झाली म्हणून तिसरं गाळत असावेत असं मी धरून चाललो होतो.

लग्नानंतरच्या चौथ्या वर्षी जत्रेच्या दोन दिवस आधी बुवांचा आवाज बसला. साधा सर्दी-खोकला. दोन दिवस ते कोणाशी बोलले नाहीत, गळ्याभोवती मफलर, तोंडात ज्येष्ठमध. नाटकात त्यांची स्वतःची भूमिका नव्हती आणि राणीची आधीची दोन पदं त्यांनी कशीबशी ढकलली. शेवटचं पद पहाटे होतं. कोंबडे आरवून गेले होते आणि मांडवाच्या फटीतून कडा दिसायला लागला होता. पेटीवाल्याने सूर दिला. नटीने हात उचलला. बुवांनी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. पेटीवाल्याने सूर लांबवला. समोर कोणीतरी शीळ घातली.

कुंदा बायकांच्या बाजूने कधी उठून आली ते मला दिसलं नाही. एकदम ती विंगेत होती, अंगावर शाल, डोळे जागरणाने तांबारलेले. ती कोणाला काही विचारत नव्हती. बुवांकडे पाहत उभी होती. बुवा ज्या बाकड्यावर गुडघा टेकून गात, त्यावरून त्यांनी गुडघा काढला आणि थोडं बाजूला सरकले. परवानगी म्हणायची तर एवढीच. बाजूला सरकणं, एखाद्या वाटसरूला बांधावरून जाऊ द्यावं तसं.

वाट सरेना, रान सरेना, दूर किती तू राही रे.

ती पहिली ओळ निघाली तेव्हा समोरचा गलका थांबला. नटीने मागे वळून पाहिलं आणि लगेच सावरून ओठ हलवू लागली. दोन कडवी झाली. मी वही मिटायला घेतली, आणि कुंदा थांबली नाही. ती तिसऱ्यात गेली. तिसरं कडवं वर जातं, पहिल्या दोघांपेक्षा बरंच वर, आणि तिथेच राहतं. नको बोलणे, नको भेटणे, ऐकत केवळ राही रे. मी ते वहीत दर वर्षी वाचलं होतं. ते असं असेल असं कागदावरून वाटलं नव्हतं. समोरून वन्समोर आला. तिने तिसरंच पुन्हा म्हटलं. पुन्हा वन्समोर आला. रस्त्यावर पहिली एसटी येऊन उभी होती आणि तिच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही.

बुवा त्या वेळी कुठे पाहत होते ते मी टिपलं आहे. ते कनातीच्या कापडाकडे पाहत होते, हातभर अंतरावरच्या.

सकाळी ओसरीवर माणसं आली. दर वर्षी येत, चहा घेत, कोणाचं काय चुकलं ते सांगत. त्या दिवशी एकच विषय होता. बुवा, शेवटाला आवाज काय लागला. बुवा, घसा बसलाय असं नाटक करत होता काय तुमी, लबाड. बुवा, ते तिसरं इतकी वर्सं कुठं दडवून ठेवलं होतं? बुवा आवाज नसल्यामुळे बोलत नव्हते. ते हसले. मग त्यांनी दोन्ही हात जोडले, जसे गायक दाद घेताना जोडतात. मी तिथे होतो. मी बोललो नाही. सासऱ्यांच्या ओसरीवर जावई काय बोलणार, असं त्या वेळी स्वतःला सांगितलं. आतल्या दाराशी कुंदा कपांचा ट्रे घेऊन उभी होती. तिने ट्रे सुमनच्या हातात दिला आणि परसात गेली. गावातल्या बायकांना पहाटेच कळलं होतं. त्याही बोलल्या नाहीत.

यानंतर बाप-लेकीचं भांडण झालं नाही. असं जे होतं त्यावरून भांडताही येत नाही, हीच त्याची अडचण असते. पुढच्या मार्गशीर्षात बुवा खळ्यावर उभे राहिले. कुंदा म्हणाली, धुणं पडलंय. दुसऱ्या दिवशीही धुणं पडलं होतं. तिसऱ्या दिवशी बुवांनी द्वारपालाला बांधावर पाठवलं. त्याच्याकडून शब्द परत आले, उलटसुलट.

त्याच वर्षी कुंदाचं लग्न झालं. मुलगा सापगावचा, दिलीप, धंदा मंडप आणि लाऊडस्पीकरचा. स्थळ सुमननेच आणलं होतं. माईकला शिव्या देण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचा दुसरा जावई भोंगेवाला निघाला, यावर गावाने पुढे दोन वर्षं करमणूक करून घेतली. बुवांच्या घरी पाहुणा आला की लोक विचारत, "धाकले जावई आले काय? नाय, लांबनं आयकू आलं नाय म्हनून विचारलं." दिलीप स्वतः हसे. तो साधा माणूस होता. शहापुरातल्या एका ऑर्केस्ट्राला तो स्पीकर पुरवत असे, आणि एके दिवशी त्यांची गाणारी मुलगी आली नाही, तेव्हा माझी बायको बरी गाते असं तो बोलून गेला.

कुंदाने पहिल्यांदा माईकसमोर तोंड उघडलं तेव्हा भोंगे किंचाळले आणि कीबोर्डवाल्याने कानांवर हात ठेवले. तो म्हणाला, "ताई, एवढं नका देऊ. माईक आहे ना, तो करेल." हे शिकायला तिला सहा महिने लागले. ज्या गळ्याला तीनशे दहा पावलं जायची सवय होती त्याला वीतभर अंतरावर थांबायला शिकवायचं होतं. ती सुमनला सांगत होती ते मी ऐकलं आहे: "लेकराला निजवताना कसं बोलतो, गो, तसं बोलायचं. पन हजार मानसांपुढं." त्या वाक्यात ऑपेराच्या मैदानातल्या लाखभर लोकांच्या आनंदाचा खुलासा होता. लांबून येणारा आवाज सगळ्यांचा असतो. जवळचा प्रत्येकाला आपला एकट्याचा वाटतो. माईकने गाणं सोपं केलं असं म्हणतात. त्याने ते जवळ आणलं, आणि जवळचं गाणं सोपं नसतं.

ती सिनेमाची गाणी गाई. शहापूरच्या नवरात्रात, लग्नाच्या हळदीत, कसाऱ्याच्या बाजूला पूजेला. नावाची पाटी लागे. निवेदक तिचं नाव घेई आणि ती उजेडात येई, तोंडाला रंग लावून. मग कोणाच्यातरी डोक्यातून निघालं आणि तिने गावच्या नाटकातलं राणीचं ते पद गायला घेतलं. पट्टी खाली आणली, ऑक्टोपॅडचा ठेका घातला, मधे कीबोर्डची बासरी. तीन मिनिटं. त्याची कॅसेट निघाली, कल्याणला ध्वनिमुद्रण केलेली, आणि एका मोसमापुरती ती चालली. मुरबाड ते धसई जाणाऱ्या जिपांमध्ये ती वाजत असे.

अशाच एका जिपेत बुवा बसले होते. हकीकत मला ड्रायव्हरनेच सांगितली. म्हातारा मागे बसला होता, मांडीवर पिशवी. गाणं लागलं तेव्हा त्याने विचारलं, कोण गातंय. ड्रायव्हर म्हणाला, शहापूरची कोणतरी हाय, लय चालतंय. धसईला जीप थांबली. उतरताना म्हातारा म्हणाला, यात दोनच कडवी हायत. ड्रायव्हर म्हणाला, मंग काय तुमाला पूर्न हरिपाठ पायजे काय बाबा? दोघंही हसले, असं ड्रायव्हर म्हणाला.

गावाचं नाटक तोवर थांबलं होतं. जत्रा समितीने एक वर्ष ऑर्केस्ट्रा आणि नाटक अर्धंअर्धं करून पाहिलं. ऑर्केस्ट्रा संपल्यावर मांडव रिकामा झाला. आता लोकांकडे मोटारसायकली होत्या. पहाटेच्या एसटीसाठी कोणी थांबत नव्हतं. आठ तासांची गोष्ट ज्या गरजेवर उभी होती ती गरजच निघून गेली. बुवांनी या निर्णयाला विरोध केला नाही. समितीला ऑर्केस्ट्रा ठरवायचा होता तेव्हा त्यांनी शहापूरचाच सुचवला, आणि ज्या रात्री तो आला त्या रात्री ते शेजारच्या गावी भजनाला गेले. कुंदा स्वतःच्या गावात, स्वतःच्या बापाच्या मांडवात, उजेडात उभी राहून गायली. पहिल्या रांगेत एक खुर्ची मोकळी होती. कोणी मुद्दाम ठेवली नसेलही. ती त्या खुर्चीकडे पाहून गात होती, असं सुमन म्हणते. मी एवढंच सांगू शकतो की खुर्ची होती.

बुवा गेले त्याला आता तीन भातं झाली. या वर्षी मुरबाडहून मी धसईपर्यंत गेलो नाही. गेलो असतो तर खळं दिसलं नसतं. त्या बाजूची जमीन सेकंड होमवाल्यांनी घेतली आहे आणि शेताशेतांत सिमेंटचे खांब, तारा आणि लोखंडी फाटकं आहेत. भात नसलं तरी आता आवाजाला वाट उरलेली नाही. मला त्या सकाळींची ओढ लागते तेव्हा नेमकी कशाची लागते हे मी तपासून पाहिलं आहे. नाटकाची नाही, नाटक खरं तर कंटाळवाणं होतं. ओळ सोडल्यानंतर आणि ती परत येण्याआधी जे दोन-तीन क्षण असत, त्यांची लागते. धुकं, पेंढ्याचा वास, आणि आपण पाठवलेलं पोहोचलं की नाही हे कोणालाच ठाऊक नसलेले ते क्षण. पुढे सगळंच लगेच पोहोचायला लागलं.

बुवा जाण्याच्या आदल्या हिवाळ्यात, पौषातल्या एका रविवारी, मी आणि सुमन सापगावला कुंदाकडे गेलो होतो. दिलीप मुलांना घेऊन बाजाराला गेला होता. दुपारच्या एसटीने बुवा आले. न सांगता. लेकीच्या घरी ते वर्षातून एकदा, दिवाळीला, येत. पौषात कधी आले नव्हते. पिशवीतून वालाच्या शेंगा काढून त्यांनी ओट्यावर ठेवल्या आणि स्वयंपाकघरातच पाटावर बसले. चहा झाला. शेंगांची चौकशी झाली. मग ते म्हणाले, "कुंदे, तुला ते तिसरं येतं काय?"

"कुठलं?"

"रानीचं. वहीला वाळवी लागली. दोन आठवतात, तिसरं नाय आठवत. झोप लागत नाय त्यानं."

कुंदा शेंगा सोलत होती. तिने सोलणं थांबवलं नाही. म्हणाली, "मला कशाला इचारता? तुमीच तर म्हटलं होतं ना, त्या साली. लोकांनी किती वेळा म्हनायला लावलं तुमाला."

दहा वर्षांत तिने त्या गोष्टीला केलेला हा पहिला उल्लेख होता. सुमनने माझ्याकडे पाहिलं. बुवांनी मफलर सोडला, पुन्हा गुंडाळायला घेतला, आणि तसाच हातात ठेवला.

"मी कधी म्हटलंच नाय ते," ते म्हणाले. "स्टेजवर तरी नाय. खळ्यावर म्हनून बघायचो, तू आयकलंस, मोडायचं तितं. वर जायाचा नाय आवाज माझा. त्या साली म्हटलं ते तू." मफलर त्यांनी मांडीवर ठेवला. "लोक आले ओसरीवर तवा मी गप बसलो." हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. तिच्याकडे बघून ते म्हणता येत नसावं.

कुंदाने हातातली शेंग पुरी सोलली. दाणे ताटात टाकले. पदराला हात पुसले आणि बसल्या जागेवरून तिसरं कडवं म्हटलं. उंच नाही. ऑर्केस्ट्रात शिकलेल्या आवाजात, वीतभर अंतरावर धरून, बाहेरच्या खोलीतही गेलं नसतं इतकं हळू. बुवा पाटावरून पुढे वाकले. आयुष्यभर त्यांनी हे पद एकतर लांब पाठवलं होतं किंवा लांबून परत येताना ऐकलं होतं. शब्दाच्या आधीचा श्वास, अक्षर सोडताना ओठांचा होणारा बारीक आवाज, हे त्यांना नवीन असावं. ते तोंडाकडे बघत होते, लहान मूल बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतं तसं. नको बोलणे, नको भेटणे, ऐकत केवळ राही रे. संपल्यावर त्यांनी शब्द एकदा स्वतःशी पुटपुटले. बरोबर होते. ते चांगलं झालं म्हणाले नाहीत. चुकलं असंही म्हणाले नाहीत.

कुंदा उठली, माठातून पेला भरला आणि तोंडाला लावला.

"गार पिऊ नको," बुवा म्हणाले. "थंडीचं गानाऱ्यानं कोमट प्यावं. गळा जपायचा असतो."

त्याच माठातलं पाणी ती त्या घरात कित्येक हिवाळे पीत आली होती. तिने पेला खाली घेतला, त्यातलं पाणी पातेल्यात ओतलं आणि पातेलं गॅसवर चढवलं.